धर्मांतर, मराठी साहित्यातील
एका धर्माचा त्याग करून दुसऱ्या धर्माचा स्वीकार करणे म्हणजे धर्मांतर. साहित्याच्या दृष्टीने मात्र ही व्याख्या अपुरी पडते. धर्मांतरात श्रद्धा, आचार आणि सामाजिक स्थान या तिन्हींचे परिवर्तन अभिप्रेत असते. परंतु ही तीन परिवर्तने सहसा एकाच वेळी घडत नाहीत. श्रद्धा बदलते, पण जुना आचार रेंगाळतो; आचार बदलतो, पण समाज जुन्याच नावाने ओळखत राहतो. मराठीतील या विषयावरील श्रेष्ठ लेखन दीक्षेच्या क्षणापेक्षा या अंतराचे अधिक आहे. नव्या धर्माचे समर्थन किती प्रभावी आहे, यापेक्षा जुन्यातले काय मागे उरले याची नोंद किती प्रामाणिक आहे, हाच या लेखनाचा खरा निकष होय.

मराठी संतपरंपरेत अंतःकरणाच्या परिवर्तनाला मोठे स्थान आहे. तथापि ते धर्मांतर नव्हे. भक्त बदलतो, त्याची जात व व्यवसाय बदलत नाहीत. चोखामेळा (चौदावे शतक) याच्या जीवनात या परंपरेचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दिसतात. त्याला संतमालिकेत स्थान मिळाले, त्याची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी झाली. परंतु त्याच्या समाजाला त्या मंदिराचे दार उघडण्यासाठी साने गुरुजींच्या उपोषणाचे १९४७ साल उजाडावे लागले. आंतरिक परिवर्तनाने सामाजिक स्थान बदलत नाही, हा अनुभव विसाव्या शतकातील धर्मांतराच्या विचारामागे आहे.

धर्मांतराशी थेट निगडित असा मराठीतील आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ गोव्यात निर्माण झाला. फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मोपदेशकाचे क्रिस्तपुराण राचोल येथे १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती वाचकांसाठी रचलेल्या या ग्रंथात बायबलमधील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली आहे. कथा परकी, पण छंद, पुराणाची घडण आणि वैकुंठासारखे शब्द श्रोत्यांच्या ओळखीचे. ज्यांचा धर्म बदलला होता, त्यांचा कान बदललेला नव्हता, हे स्टीफन्सने ओळखले होते. धर्मांतरित समाजापर्यंत पोचण्यासाठी नव्या धर्माला जुन्या वाङ्मयप्रकाराचे रूप घ्यावे लागले, असा या ग्रंथाचा अर्थ लावता येतो.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा, मुद्रणालये व नियतकालिके यांमुळे धर्मचर्चेला सार्वजनिक स्वरूप आले. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कथेत हिंदू विधवांची दुःस्थिती चित्रित केलेली असून नायिका यमुना हिचा प्रवास ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारात व पुनर्विवाहात संपतो. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ती अनेकदा निर्देशिली जाते. तीत विधवांची दुःखे जिवंत उतरली आहेत. धर्मांतर मात्र प्रश्नाच्या उत्तरासारखे येते. पदमनजींचे अरुणोदय हे आत्मचरित्रही जुन्या समजुतींच्या अंधारातून प्रकाशाकडे जाण्याच्या कल्पनेवर उभे आहे, हे त्याच्या नावावरूनच सूचित होते. तथापि लहानपणीचे घर, तेथील व्रते व देवदेवता यांचे त्यातील वर्णन इतके तपशीलवार आहे, की लेखकाने जे सोडले तेच वाचकाच्या मनात अधिक ठसते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटिज येथे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथेही त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि अँग्लिकन पंथाची मते विनाचिकित्सा मान्य करण्यास त्या तयार झाल्या नाहीत. आपल्या धर्ममातेशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार याची साक्ष देतो. हिंदू समाजाने त्यांना परधर्मात गेलेल्या मानले आणि मिशनऱ्यांना त्या पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नाहीत. धर्म बदलणे म्हणजे बुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करणे नव्हे, हा त्यांच्या जीवनातील आग्रह मराठी धर्मांतरविचारातील महत्त्वाचा टप्पा होय. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर मूळ भाषांवरून केले.

धर्मांतराची किंमत कोण देतो, हा प्रश्न पुरुषांच्या आत्मनिवेदनांत सहसा गौण राहतो. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे (१९३४ पासून भागशः प्रकाशित) या आत्मचरित्रात तो केंद्रस्थानी आला. त्यांचे पती कवी ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नीला जिवंतपणीच पतिवियोग पत्करावा लागला. पुढे पतीच्या सान्निध्यात आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सांभाळले. पाणी कोणाच्या हातचे प्यावे, हा तत्त्वज्ञानाचा नव्हे तर रोजच्या घागरीचा प्रश्न होता. आणि जातिभेद मनुष्यकृत आहे, ही जाणीव त्यांना त्या घागरीपाशीच झाली. बाप्तिस्मा त्यांनी पुढे, १९०० मध्ये घेतला. म्हणजे येथे दीक्षा ही परिवर्तनाचा आरंभ नसून शेवट आहे. उपदेशाचा अभाव, स्वतःच्या फजितीकडे पाहण्याची विनोदबुद्धी आणि पतीवरील प्रेमाबरोबरच त्याच्या निर्णयाने झालेल्या जखमेची निःसंकोच नोंद यांमुळे हा ग्रंथ धर्मांतरविषयक मराठी लेखनात सर्वश्रेष्ठ ठरतो. ना. वा. टिळकांनीही ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचा आश्रय घेतला. स्टीफन्सने जो मेळ बाहेरून येऊन घातला, तो टिळकांच्या ठिकाणी परंपरेच्या आतून घातला गेला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३५ मध्ये येवले येथे हिंदू धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. व्यक्तीचे धर्मांतर येथे समूहाचे झाले. १९३६ च्या मुंबईतील ‘मुक्ती कोन पथे ?’ या भाषणात त्यांनी धर्मांतराचा विचार सामाजिक आणि तात्त्विक अशा दोन्ही अंगांनी मांडला होता. अंतःकरण बदलूनही वस्ती गावाबाहेरच राहते, या अनुभवाला दिलेले हे उत्तर होते. स्वाभिमानी बोलीत स्वतःविषयी बोलण्याचा जो अधिकार दलित साहित्याने पुढे घेतला, त्याचे मोठे बळ या घटनेत आहे.

दलित आत्मकथनांत मात्र धर्मांतराचे केवळ गौरवगान नाही. दया पवार (१९३५–९६) यांच्या बलुतं (१९७८) मध्ये शिकलेला, शहरात स्थिरावलेला लेखक आणि त्याच्यातील दगडू यांना समोरासमोर बसविले आहे. दगडू आपली कहाणी सांगतो व दया पवार ती ऐकतो. या रचनेतून बदललेल्या माणसात न बदललेला माणूस कसा वावरतो, याचा प्रत्यय येतो. बेबी कांबळे यांच्या जिणं आमुचं (१९८६) मध्ये अंगात येणे, नवस व देवदेवस्की यांनी व्यापलेले स्त्रियांचे जग आणि त्यातून बाहेर पडण्याची धडपड दिसते. देव्हारा मोडणे हे येथे प्रतीक नसून घरातील प्रत्यक्ष कृत्य आहे. नवऱ्याचा मार आणि उपासमार धर्मांतराने आपोआप संपत नाहीत, हेही या लेखिकेने लपविलेले नाही. कायद्यानेही हे अंतर दीर्घकाळ राखले : अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश १९९० मध्ये झाला. धर्म सोडला की जातीमुळे भोगावे लागणारे दुःख सुटते, हे गृहीतक आत्मकथनांनी त्याआधीच खोटे ठरविले होते.

या लेखनाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ख्रिस्ती लेखनाचा बराच भाग प्रचाराच्या पातळीवर राहिला आणि धर्मांतरितांमध्ये टिकून राहिलेल्या जातिभेदाकडे त्याने पुरेसे लक्ष दिले नाही. दलित आत्मकथनांत सामाजिक दाहकता प्रखर असली, तरी बौद्ध धम्माच्या स्वीकाराने मनाला लाभलेली शांती, ध्यान वा करुणा यांचे चित्रण तुलनेने विरळ आहे. असे असूनही या दोन्ही प्रवाहांनी मराठी आत्मचरित्राला एक नवी दृष्टी दिली. माणसाचे रूपांतर दीक्षाविधीने जाहीर होते, परंतु ते घडते पाणवठ्यावर, स्वयंपाकघरात, नावात आणि शेजाऱ्याच्या वागणुकीत. आणि शेजारी बदलत नाही तोवर ते अपुरेच राहते.