बाण दाखवील तिकडे

‘स्टारफील्ड’मध्ये हजाराहून जास्त ग्रह आहेत, हे बेथेस्डानं इतक्या वेळा सांगितलं की 2023 साली गेम हातात येण्याआधीच तो आकडा सगळ्यांना पाठ झाला होता. गेम आला, आणि त्या हजारांपैकी एखाद्या ग्रहावर उतरलं की काय होतं तेही लवकरच कळलं. क्षितिजावर एक खूण, तिथवर रखडत पायपीट (गाडी मिळाली ती पुढच्या वर्षी), आणि खुणेच्या जागी ओसाड पडलेली एक प्रयोगशाळा. तीच प्रयोगशाळा दुसऱ्या सूर्यमालेत पुन्हा भेटते; तीच दालनं, तेच मुडदे, टेबलावर तीच चिठ्ठी. चंद्रावर गेलेल्यांनाही तिथे काही सापडलं नव्हतं, तरी ते कंटाळले नव्हते, असा बचाव कंपनीच्या बाजूनं झाला. बचाव ऐटबाज आहे, पण अपोलोवाल्यांना दर मुक्कामी तीच चिठ्ठी वाचावी लागत नव्हती! मोठं घर, पोकळ वासा, एवढं म्हणून हात झटकता आले असते. पण जग म्हणजे क्षेत्रफळ आणि शोध म्हणजे नकाशावरच्या खुणा एकेक करून पुसणं, ही समजूत रोल-प्लेइंग गेमच्या धंद्यात गेली वीस वर्षं मुरत आली आहे, आणि स्टारफील्ड हे तिचं अगदी सरळ वाढलेलं फळ आहे.

यातली खरी गंमत अशी की हा धडा याच कंपनीनं एकदा गिरवला होता. 1996चा ‘डॅगरफॉल’ ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचा गवगवा झाला होता. गणितानं पिकवलेली हजारो गावं, आणि एकाचं नाव झाकलं तर दुसऱ्यापासून ओळखू येणार नाही. सहा वर्षांनी ‘मॉरोविंड’ आला तो फार तर चोवीस-पंचवीस चौरस किलोमीटरचं एक बेट घेऊन, आणि त्या बेटावरचा दगडन्‌दगड माणसानं ठेवलेला. सुरुवातीचंच एक काम घ्या. बाल्मोरा गावातला हास्फट अँटाबोलिस लुप्त झालेल्या ड्वेमर लोकांची एक पेटी आणायला सांगतो आणि वाटही तोंडीच सांगतो: दक्षिणेकडून गावाबाहेर पडायचं, नदी ओलांडायची, पाटी दिसली की चढाचा रस्ता धरायचा, वर गेल्यावर जुना पूल लागेल. नकाशावर खूण उमटत नाही. पूल सापडतो, भग्नावशेष सापडतात, आणि दार मात्र मिळत नाही, कारण ते उघडणारा दांडा जवळच्या पाइपावर आहे. आत शिरल्यावर फळीवरची ती इवलीशी पेटी किती जणांच्या नजरेतून निसटली याला गणती नाही. अंतर मोजलं तर हाकेवरचं. पण तेवढं चालताना पाटी वाचावी लागते, उतार पाहावा लागतो, ऐकलेलं वाक्य डोक्यात धरून ठेवावं लागतं. म्हणून तो टापू वीस वर्षांनीही खेळणाऱ्यांच्या पायाखालचा राहिला आहे.

त्याच मालिकेतल्या 2006च्या ‘ऑब्लिव्हियन’नं होकायंत्राच्या पट्टीवर बाण आणून बसवला आणि हे सगळं संपलं. शिवाय खेळणारा बळावेल तसे शत्रूही बळावत जाण्याची सोय केली, त्यामुळे भीतीचाही भूगोल गेला. अंगावर राजवैभवाचं काचेचं चिलखत घालून शंभर मोहरांसाठी वाट अडवणारा त्यातला वाटमाऱ्या हा विनोद म्हणून सांगितला जातो. तो दोषाचा पुरावा म्हणून सांगायला हवा. बाणाचं कारण शोधायला लांब जायला नको. त्या गेममध्ये प्रत्येक पात्राला आवाज मिळाला. प्रत्येक वाक्य नटाकडून ध्वनिमुद्रित करून घ्यायचं म्हटल्यावर “डावीकडे वळ, मग ओढा लागेल” हे वाक्य सगळ्यात आधी कापलं जाणार. तेव्हा “नको असेल तर बाण बंद करा” हे उत्तर फसवं आहे. ‘स्कायरिम’मध्ये तो बंद करून पाहा आणि ज्यानं काम दिलं त्यालाच वाट विचारा. तो गुहेचं नाव सांगेल, फार तर “नकाशावर खूण करून देतो” म्हणेल. बाण काढला की खाली संवादाचं नुसतं भोक उरतं. 2025 साली ऑब्लिव्हियन नव्या रंगरूपात आला, गवताच्या पात्यापात्यावर उजेड खेळू लागला, आणि बाण जिथल्या तिथे.

याच्या अगदी उलट टोकाला ‘गॉथिक’ उभा आहे. जर्मनीतल्या पिरान्हा बाइट्सच्या छोट्या चमूनं 2001 साली केलेला हा गेम चालवायला इतका किचकट आहे की त्याच्या भक्तांनीही ते लपवू नये. जादूच्या घुमटाखाली कैद्यांची एक वसाहत, एवढंच त्याचं जग. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज चालत जाता येईल असं. पण जाता येत नाही. नकाशा फुकट मिळत नाही, तो छावणीतल्या नकाशे काढणाऱ्याकडून मिळवावा लागतो. रस्ता सोडून चार पावलं झाडीत गेलं की लांडगे फाडून खातात, आणि तुम्ही नवखे आहात म्हणून ते दयामाया दाखवत नाहीत. म्हणजे इथे कुंपण भीतीचं आहे, आणि अंगात बळ येईल तसं ते एकेक हात मागे सरकतं. दुसऱ्या भागात तर या मंडळींनी कमालच केली. खेळणाऱ्याला त्याच जुन्या दरीत परत पाठवलं. आता तिथे ड्रॅगन आले आहेत, झाडं जळाली आहेत, आणि पहिल्या भागात जो किल्ला छावणीचं काळीज होता त्याला ऑर्कांनी वेढा घातला आहे. आत शिरायचं तर मागच्या बाजूला तटाला टेकलेल्या त्यांच्याच ओंडक्यावरून. पहिल्या भागात जो वळणावळणाला मेला होता त्याला इथे प्रत्येक वळण ओळखीचं वाटतं, आणि प्रत्येक वळणावर काहीतरी गेलेलं असतं. इतकी खोली कोणत्या हजार ग्रहांत आहे? पिरान्हा बाइट्स 2024 साली बंद पडली. बाजाराचा निकाल काय लागला ते सांगायला नकोच.

युबिसॉफ्टचे प्राचीन ग्रीस आणि व्हायकिंग इंग्लंड ही सहलीची ठिकाणं आहेत, त्यांना एवढी ओळ पुरे. ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मधून हिंटरलँड्स हा प्रदेश वजा केला असता तर एक चांगला गेम निघाला असता. ‘विचर 3’चं लेखन उत्तम, आणि तेच लेखक स्केलिगेच्या समुद्रात तस्करांच्या पिंपांवर ढीगभर प्रश्नचिन्हं पेरली जात असताना कुठे होते कोण जाणे. उलट ‘डिस्को एलिसियम’ला मार्टिनेझची मोजकी घरं आणि एक कालवा पुरला. तिथे पलीकडे कोळ्यांची वस्ती आहे हे माहीत असतं, पण मधली वाट तिसऱ्या दिवसापर्यंत बंद असते, आणि दोन दिवस अडकून पडल्यामुळे अलीकडचा चौकन्‌चौक पाठ होतो. ‘याकुझा’ मालिकेनं 2005पासून तोच कामुरोचो मोहल्ला, तेच बोळ, त्याच नाक्यावरची दुकानं पुन्हा पुन्हा दाखवली आहेत. आळस म्हणून हिणवावं अशी ती गोष्ट नव्हे. दुकान बदललेलं लक्षात येईल इतकी ओळख गेमच्या जगाशी फार थोड्यांनी जुळू दिली आहे.

‘एल्डन रिंग’चं काय, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. 2022चा हा गेम अवाढव्य आहे आणि तरीही चांगला आहे. तो चांगला का आहे ते मिस्टवुडमधल्या लिफ्टपाशी कळतं. लिफ्ट खाली जाते, जातच राहते, आणि तळाशी ताऱ्यांनी भरलेलं आभाळ घेऊन सिओफ्रा नदी पसरलेली असते. नकाशानं याची कुणकुणही लागू दिलेली नसते. तो कागद मुळात लहान दिसतो आणि शोध लागेल तसा कडेनं वाढत जातो. म्हणजे एल्डन रिंगनं आपला आकार शक्य तितका झाकला, जो बाकीचे जाहिरातीत छापतात. आणि जिथे आकारच त्याच्या डोक्यात गेला, त्या उत्तरेकडच्या बर्फात आणि एकाच साच्यातल्या तळघरांत, तिथे तोही पाट्या टाकतो.

उरला तो नोकरी-संसारातून रात्री तासभर मिळणाऱ्या माणसाचा मुद्दा. बाणाची वकिली नेहमी त्याच्याच नावानं होते. पण त्याचे शंभर तास कोण खातं? वाट विचारत जाणारा पंचवीस चौरस किलोमीटरचा गेम त्याला परवडतो; नकाशाभर पसरलेल्या पाचशे खुणा त्याला परवडत नाहीत, आणि त्या खुणा उरकण्यासाठीच बाण लागतो. ज्यांना दिशा लक्षात ठेवणं खरोखरच जड जातं त्यांच्यासाठी बाण जरूर असावा. पण आधी तोंडी वाट लिहिलेली असावी आणि तिच्यावर बाण, सोय म्हणून. हे अशक्य असतं तर 2018च्या ‘असॅसिन्स क्रीड: ओडिसी’त खुद्द युबिसॉफ्टनं वर्णनावरून जागा शोधायचा पर्याय दिला नसता, आणि ‘किंगडम कम 2’नं 2025मध्ये हार्डकोअर मोड देऊन नकाशावरची ‘तुम्ही इथे आहात’ ही खूणच काढून टाकली नसती. जमत नाही हे खोटं आहे. त्यासाठी लेखक आणि नट यांच्यावर पैसे टाकावे लागतात, आणि ते डोंगर वाढवण्यावर खर्चले जातात. स्कायरिमच्या पुढच्या भागाची, ‘एल्डर स्क्रोल्स 6’ची, 2018 साली दाखवलेली झलकही डोंगरांचीच होती. तो येईल तेव्हा नकाशा स्कायरिमच्या किती पट आहे, हा पहिला प्रश्न विचारला जाईल आणि त्याचं उत्तर तयार असेल. त्यातल्या एखाद्या शेतकऱ्याला शेजारच्या गावाची वाट विचारली तर तो काय बोलतो, हे बेथेस्डाला आताच विचारायला हवं. ध्वनिमुद्रण उरकल्यावर विचारून उपयोग नाही.