वाहन थांबते तेथे: दोन प्रवासग्रंथ आणि मांडूची वाट

पावसाळा लागला की इंदूरहून धारकडे जाणाऱ्या रस्त्यावर, विशेषतः रविवारी सकाळी, मोटरसायकलींची रीघ लागते. धार मागे पडते, नालछा येते आणि मांडूच्या पठाराची हिरवी कड दिसू लागते. गेल्या आषाढात या रांगेत आम्हीही होतो. अर्थात चालक म्हणून नव्हे, नातवाच्या मागे बसून. घरी परतल्यावर त्याने विचारले, ''आबा, काय काय पाहिलंत?'' आम्ही म्हणालो, ''तुझी पाठ.'' तो हसला. आम्हीही हसलो, परंतु त्या रात्री कपाटातून एक जुने पुस्तक काढून पुन्हा वाचू लागलो, तेव्हा आपण बोललो ते केवळ विनोदाने नव्हे, असे ध्यानात आले.

ते पुस्तक म्हणजे रॉबर्ट पर्सिग यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'. १९७४ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ १२१ प्रकाशकांनी नाकारला होता, ही कथा आता सर्वश्रुत आहे. लेखक काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता, म्हणून भारतीय वाचकाला त्याच्याविषयी थोडी अधिक आपुलकी वाटते. १९६८ साली आपला मुलगा ख्रिस याला मागे बसवून त्याने मिनेसोटापासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत केलेला प्रवास हा या ग्रंथाचा सांगाडा. सोबत सदरलँड पती-पत्नी दुसऱ्या मोटरसायकलवर होते, तेही मोंटानातील बोझमनपर्यंतच. प्रवासाच्या ओघात निवेदक गुणवत्ता म्हणजे काय, यंत्र आणि मनुष्य यांचे नाते कोणते, यांचा विचार करीत जातो. प्रवासवर्णन आणि तत्त्वचिंतन यांचा असा सांधा जुळलेला क्वचितच आढळतो.

ग्रंथाच्या प्रारंभीच लेखक एक सिद्धान्त मांडतो. मोटारीत बसलेला मनुष्य सृष्टी खिडकीच्या चौकटीतून पाहतो. तो प्रेक्षक असतो. दुचाकीवर ही चौकट उरत नाही. वारा, गंध, पायाखालून धावणारा रस्ता या सर्वांत आपण असतो. म्हणून तो राजमार्ग सोडून आडवाटा धरतो. त्या वाटांवरची माणसे थांबून विचारपूस करतात, याचेही त्याला कौतुक आहे. आजचा प्रत्येक तरुण दुचाकीस्वार, पर्सिगचे नाव त्याने ऐकलेले असो वा नसो, हाच सिद्धान्त आपल्या शब्दांत सांगत असतो. आमच्या नातवानेही सांगितला.

आमचा आक्षेप येथून सुरू होतो. चौकट नाहीशी होते ती कोणाची? चालवणाऱ्याची. मागे बसलेल्या ख्रिसला सारी अमेरिका ओलांडताना समोर दिसत राहिली ती वडिलांची पाठ. त्याचे पोट दुखते, तो रुसतो, रडतो. आणि वडील आपल्या चिंतनात मग्न असतात. ग्रंथाच्या अगदी अखेरीस दोघेही शिरस्त्राणे काढतात, ख्रिस पायटेकांवर उभा राहून वडिलांच्या खांद्यावरून पुढे पाहतो आणि त्याला सारेच निराळे दिसू लागते. बहुतेक वाचक या प्रसंगाकडे पितापुत्रांच्या मीलनाचा क्षण म्हणून पाहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हाला त्यात लेखकाने स्वतःच्या सिद्धान्तावर घेतलेला आक्षेपही दिसतो. चौकट नाही असे ज्या वाहनाविषयी सांगितले, त्यावर एक मुलगा इतके दिवस चौकटीमागेच बसला होता. पर्सिगचे मोठेपण हे की त्याने ही गोष्ट झाकली नाही.

जी गोष्ट मागे बसलेल्याची, तीच रस्त्याकडेच्या गावकऱ्याची. डाकोटाची मैदाने आणि मोंटानाचे डोंगर या ग्रंथात जिवंत आहेत; तेथे नांगरणारा, गुरे राखणारा मनुष्य मात्र पुसटसा दिसून नाहीसा होतो. जेथे जेथे तो ठळक होतो, तेथे वाहन थांबलेले असते. साखळीवरचे पत्र्याचे आच्छादन सांधून देणारा तो वेल्डर आठवावा. त्याचे स्वच्छ दुकान, पातळ पत्र्यावर सफाईने फिरणारा हात आणि स्तुती ऐकून गोंधळणारा त्याचा चेहरा दोन पानांत उभा राहतो. तसेच, बोझमनजवळ बापलेक पाठीवर ओझी घेऊन पायी डोंगर चढतात तो भागही पाहावा. जीवन शिखरावर नसून डोंगराच्या अंगावर असते, हा विचार लेखकाला सुचतो तो मोटरसायकलवरून उतरल्यावरच.

आता दुसरा ग्रंथ घेऊ. अर्नेस्टो गव्हेरा हा वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याचा मित्र अल्बर्टो ग्रानादो हे १९५२ च्या आरंभी एका जुन्या नॉर्टन मोटरसायकलवर अर्जेंटिनातून निघाले. गाडीचे नाव त्यांनी 'शक्तिमान' अशा अर्थाचे ठेवले होते. ही शक्तिमान वाटेत वारंवार कोसळली आणि चिलीमध्ये कायमची बंद पडली. 'द मोटरसायकल डायरीज' या नावाने हा ग्रंथ जगभर गेला, २००४ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. परंतु गंमत अशी की त्यातील बराच मोठा प्रवास मोटरसायकलविना झालेला आहे. गाडी असेपर्यंतची पाने खोडकर, थोडी बढाईखोर आहेत. गाडी सुटते, मालमोटारींतून आणि पायी प्रवास सुरू होतो आणि लेखणीचा सूर बदलतो. चुकीकामाताच्या तांब्याच्या खाणीच्या वाटेवर, कडाक्याच्या थंडीत, काम शोधत निघालेल्या एका मजूर दांपत्याला हे दोघे आपले पांघरूण देतात. तो प्रसंग विसरता येत नाही. तरी तेथेही एक उणीव राहते. त्या पतिपत्नींना लेखक लवकरच एका वर्गाचे प्रतीक करून टाकतो. त्यांचे घर, त्यांची भाषा, त्यांचा विनोद आपल्याला कळत नाही. वाहनावरून उतरले तरी विचारांच्या घोड्यावरून उतरणे राहूनच जाते.

घोड्याचा उल्लेख आला तो सहज नव्हे. आपण मराठी माणसे माळव्यात आलो ती अठराव्या शतकात, होळकर-पवारांच्या मागोमाग. काही घोड्यावरून, काही लेखणी घेऊन. त्यास पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. आपल्या या पत्रिकेत मांडूवर आजवर जे लेख आले त्यांतील दोन आमचे आहेत. परवा ते काढून पाहिले. जहाजमहाल आहे, हिंदोळामहाल आहे, रूपमतीच्या मंडपातून दिसणारी नर्मदेची रेघ आहे, बाजबहादुराची कथा आहे. मांडूत आज राहणारा एकही मनुष्य नाही. गोरखचिंचेची झाडे मात्र आहेत. आफ्रिकेचे हे झाड येथे रुजले याचे आम्ही भरभरून कौतुक केले. तिची फळे रस्त्यावर विकणाऱ्या बाईला आम्ही एक वाक्यही दिले नाही.

याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट सांगणे भाग आहे. तरुणपणी याच भागात आम्ही शासकीय दौऱ्यावर राजदूत मोटरसायकलने हिंडत असू. एकदा भर पावसात नालछ्याच्या पुढे गाडीची साखळी तुटली. एका भिलाला शेतकऱ्याने गाडी ओसरीत ओढून घेतली, पळसाच्या पानांत भाजलेले मक्याचे पानिये आणि डाळ वाढली. जेवण झाल्यावर, अतिशय संकोचाने, वडिलांच्या पश्चात जमिनीचे नामांतरण झाले नाही, आठ महिने झाले, असे तो बोलला. ती नस्ती आमच्याच टेबलावर होती. महिन्यातून दोनदा आम्ही त्याच्या दारावरून जात होतो, सृष्टिसौंदर्याने प्रसन्नही होत होतो. काम पुढच्या आठवड्यात झाले. परंतु त्या दिवसाच्या दौरा-दैनंदिनीत आम्ही इतकेच लिहिले होते: 'वाहन नादुरुस्त झाल्याने विलंब.' आमच्या सर्व प्रवासलेखनाचे परीक्षण या एका ओळीत होऊन जाते.

तरुणांनी मांडूला दुचाकीवर जाऊ नये, असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. पर्यटकांमुळे भुट्टे विकणाऱ्याच्या घरी चार पैसे जातात आणि वाऱ्याचा आनंद हाही खराच असतो. प्रश्न लेखनाचा आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये निघाले आणि माळव्यातून पुढे ग्वाल्हेर, झाशीपर्यंत गेले. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेल्या 'माझा प्रवास'मध्ये त्यांनी वाटेत कोण भेटले, काय खाल्ले, कोण काय बोलले हे टिपले आहे. सिद्धान्त मांडण्याची त्यांना हौस नव्हती. आज ते पुस्तक टिकून आहे ते मुख्यतः या माणसांमुळे.

म्हणून प्रवासवर्णनाची आमची कसोटी आता साधी झाली आहे. लेखक कोठे थांबला आणि थांबल्यावर कोणाचे ऐकले, एवढे पाहावे. या कसोटीला पर्सिग अर्धा उतरतो, गव्हेरा अर्ध्याहून थोडा अधिक. आमचे दोन्ही लेख उतरत नाहीत. श्रावणात नातू पुन्हा मांडूला निघणार आहे. आम्ही त्याला एकच अट घातली आहे: नालछ्याच्या पुढे गाडी थांबवायची. ती ओसरी अजून आहे की नाही, ते पाहायचे आहे.