अटीतटीचा सामना घडवतो कोण? टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेविषयी थोडं

पेठ वडगावात व्याख्यानाला टीव्हीवरच्या क्विझचा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. कुस्ती म्हटली की कोल्हापूरकरांना वेगळं सांगावं लागत नाही. डाव कधी टाकायचा आणि कधी नुसतं थांबायचं, हे इथल्या पोरालाही कळतं. आमचं म्हणणं एवढंच, की विद्यार्थ्यांच्या दोन संघांमधला चुरशीचा सामनाही याच नजरेनं बघावा.

उदाहरण घेऊ 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'चं. हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये १९६२ साली सुरू झाला. आपल्याकडे त्याची भारतीय आवृत्ती बीबीसी वर्ल्डवर आली, सूत्रसंचालक सिद्धार्थ बसू. हेच बसू १९८५ मध्ये दूरदर्शनच्या 'क्विझ टाइम'मुळे घराघरात पोचले होते. भारतीय आवृत्तीचं २००३-०४ चं पहिलं विजेतेपद मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयानं मिळवलं. पुढे आंतरराष्ट्रीय अंतिम सामन्यात याच चौघांनी केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजला हरवलं. मुंबईची पोरं केंब्रिजला भारी पडली, याचं कौतुक झालंच पाहिजे. पण कौतुक करून थांबलं तर समीक्षा होत नाही. म्हणून आपण खेळाची रचना बघू.

नियम साधे आहेत. सुरुवातीच्या प्रश्नाला दहा गुण. तो ज्याचा त्यानं सोडवायचा, आपसात बोलायचं नाही. बरोबर आलं तर संघाला पाच-पाच गुणांचे तीन जोडप्रश्न मिळतात. तिथे मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची. प्रश्न पुरता वाचून व्हायच्या आत बझर दाबला आणि उत्तर चुकलं, तर पाच गुण वजा. वर उरलेला प्रश्न समोरच्या संघाला पूर्ण ऐकायला मिळतो.

आता हिशोब मांडा. एक संघ वीस गुणांनी पुढे आहे आणि वेळ संपत आलीय. त्यांच्यातला एकजण घाईनं बझर दाबतो, चुकतो. आघाडी राहिली पंधरा. समोरच्यांनी शांतपणे पूर्ण प्रश्न ऐकून उत्तर दिलं, की राहिली पाच. एक जोडप्रश्न बरोबर आला की बरोबरी, दुसरा आला की सामना फिरला. म्हणजे पुढे असलेल्याला हरवलं कुणी? त्याच्याच घाईनं. मधेच घंटा वाजली तर उरलेले जोडप्रश्न तिथंच संपतात, हा भाग वेगळा. तेवढ्यासाठी बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

टीव्ही ही चुरस आणखी फुगवून दाखवतो. पडद्यावर दोन संघ एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखे दिसतात. स्टुडिओत ते शेजारी-शेजारीच असतात. बझर वाजला की निवेदक आधी कॉलेजचं नाव पुकारतो, मग आडनाव. उत्तर एकट्याचं असलं तरी जबाबदारी सगळ्यांची, हे त्या पुकाऱ्यातच आलं. हा भाग आम्हाला मनापासून आवडतो. आपल्याकडच्या करोडपती छापाच्या कार्यक्रमांत माणूस एकटा असतो आणि समोर पैसा असतो. इथे शेजारी बसलेल्याच्या कानात कुजबुजावं लागतं, त्याचं ऐकावं लागतं, प्रसंगी आपलं उत्तर गिळावं लागतं.

पण आमचा खरा मुद्दा पुढे आहे. चुरस नुसत्या नियमांनी येत नाही, ती प्रश्न लिहिणारा आणतो. चांगला प्रश्न अवघडाकडून सोप्याकडे उतरतो. इथलाच नमुना करून बघू. 'बाळाजी विश्वनाथ ज्यांच्या पदरी होते, १७०७ साली खेडच्या लढाईच्या वेळी जे ताराबाईंचा पक्ष सोडून शाहूंकडे गेले, संताजी घोरपड्यांच्या जोडीनं ज्यांचं नाव घेतलं जातं, अशा कोणत्या सेनापतींची समाधी पेठ वडगावात आहे?' ज्यानं इतिहास वाचलाय तो पहिल्या ओळीवर बझर दाबेल. मध्यम तयारीचा खेडपाशी. आणि शेवटच्या ओळीला धनाजी जाधव हे नाव इथलं शेंबडं पोरही सांगेल. एकाच प्रश्नात तीन पायऱ्या झाल्या. जाणकाराला जाणकारीचं फळ मिळालं आणि नवख्याचंही दार बंद झालं नाही.

आता उलट बघा. 'मराठे आणि इंग्रज यांच्यात १७७९ साली तह झाला, ते वडगाव...' एवढं ऐकून इथला मुलगा गावाच्या प्रेमानं बझर दाबेल आणि 'कोल्हापूर' म्हणेल. गेले पाच गुण. ते वडगाव पुणे जिल्ह्यातलं, मावळातलं. प्रेम खरं होतं, पण कान अर्ध्यावर बंद झाले.

आणि आपल्या शाळांमधल्या स्पर्धांत काय चालतं? 'धनाजी जाधवांची समाधी कुठे आहे?' एका ओळीचा प्रश्न, एका शब्दाचं उत्तर. गाईड पाठ असलेला आणि बोट चपळ असलेला जिंकतो. तिथेही सामना एका गुणानं सुटतो, टाळ्याही पडतात. पण त्या चुरशीत विचार कुठे असतो? ती नुसती बोटांची शर्यत झाली. आमच्या मते ती चुरस पोकळ आहे.

टीव्हीवरच्या कार्यक्रमातही खोट आहे, ती झाकायचं कारण नाही. प्रश्न इंग्रजीत, आणि त्यांचं जग बहुतेक महानगरातलं. मराठी माध्यमातल्या मुलीला धनाजी ठाऊक असतात, पण प्रश्न मनात उलथापालथ करून मराठीत आणेपर्यंत बझर दुसऱ्यानं दाबलेला असतो. तिची हार ज्ञानाची धरायची की भाषेची? गुणफलक हे सांगत नाही. म्हणून गुणफलक हा शेवटचा निकाल मानू नये.

तरीही त्या कार्यक्रमाकडून एक गोष्ट घ्यावी: पायऱ्यांचा प्रश्न. त्याला ना स्टुडिओ लागतो ना पैसा. शिक्षकांनी, आणि खरं तर मुलांनीच, आपल्या गावाचे, शेतीचे, नद्यांचे, कुस्तीचे असे प्रश्न मराठीत लिहावेत. असा एक प्रश्न लिहायला दहा गोष्टी वाचाव्या लागतात आणि त्यातली कुठली आधी सांगायची हे ठरवावं लागतं. उत्तर पाठ करणाऱ्याला हे कधी करावं लागत नाही.

तेव्हा पुढच्या स्पर्धेला मुलांच्या हाती बझर देण्याआधी कोरा कागद द्या, एवढीच विनंती.