‘मी’ आणि दाखला

लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ साली आले. शीर्षकात ‘मी’ दोनदा येतो. एकदा शिवीसारख्या वापरल्या जाणाऱ्या शब्दाआधी, एकदा नावाआधी. अशी आत्मकथने दुःखाची कहाणी म्हणून वाचायची आपली सवय. मला हे पुस्तक दाव्याच्या कागदासारखे वाचावेसे वाटते, कारण तो दावा पुढे खरोखर न्यायालयात उभा राहिला. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला, शस्त्रक्रियेची सक्ती बेकायदा ठरवली. त्या खटल्यात लक्ष्मी स्वतः पक्षकार होत्या.

२०१९ च्या मूळ कायद्यात मात्र दोन निवेदक होते. कलम ४ मधला माणसाने सांगितलेली ओळख मान्य करत होता. कलम ५ मधला त्याच माणसाला दाखल्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवत होता. आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल, तर कलम ७ शस्त्रक्रियेचे वैद्यकीय प्रमाणपत्र मागत होते. (२०२० च्या नियमांनी पहिल्या दाखल्यापुरती शारीरिक तपासणी वगळली होती, एवढा दिलासा.) या दुसऱ्या निवेदकाची जातकुळी जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हिजड्यांची नोंदवही होती. नाव संशयावरून चढे. आता ते अर्ज करून चढवून घ्यावे लागते.

लक्ष्मींच्या पुस्तकाचे शब्दांकन वैशाली रोडे यांचे. लेखणी तिथेही दुसऱ्याच्या हाती होती, तरी वाक्य ‘मी’चेच राहिले. कचेरीचा दाखला तृतीय पुरुषात लिहिला जातो.