निदानानंतरचा प्रथमपुरुष : स्वमग्नता, अवधान आणि प्रौढांच्या आत्मकथनाची भाषा

१

एखाद्या प्रौढ व्यक्तीला वयाच्या पस्तिसाव्या वा पंचेचाळिसाव्या वर्षी ऑटिझमचे किंवा एडीएचडीचे निदान होते, तेव्हा तिच्या हाती काही पानांचा एक अहवाल येतो. त्या अहवालाकडे संहिता म्हणून पाहिले, तर त्याचे एक वैशिष्ट्य चटकन लक्षात येते : ज्या व्यक्तीविषयी तो लिहिला आहे, ती त्यात सर्वत्र तृतीयपुरुषी आहे. तिचे बालपण आईच्या आठवणींतून, शालेय वर्तन प्रगतिपुस्तकातील शेऱ्यांतून आणि आजची स्थिती प्रश्नावलीतील गुणांतून उभी केलेली असते. तेच आयुष्य ती व्यक्ती मात्र इतकी वर्षे 'मी' म्हणून जगत आलेली असते. निदानानंतर तिला जो आधार लागतो, त्याचा मोठा भाग या दोन निवेदनांची सांगड घालण्यात खर्ची पडतो. गतायुष्याचे हे पुनर्वाचन जितके वैद्यकीय तितकेच वाङ्मयीन आहे. तौलनिक साहित्याभ्यासाने त्याची दखल घ्यावी, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रौढांचा हा प्रश्न उशिरा दिसू लागला, याला वर्गीकरणाचा इतिहास कारणीभूत आहे. अमेरिकन मनोविकार-वर्गीकरणाच्या १९८० च्या आवृत्तीत ऑटिझम 'शैशवातील' म्हणूनच नोंदला गेला. १९९४ च्या आवृत्तीनुसार ऑटिझम असलेल्या व्यक्तीला एडीएचडीचे स्वतंत्र निदान देता येत नसे. ती आडकाठी २०१३ मध्ये दूर झाली. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टातील एकवीस दिव्यांगत्वांत ऑटिझमचा समावेश आहे, एडीएचडी मात्र तेथे स्वतंत्रपणे नाही. म्हणजे एकाच घरातील दोन भावंडांपैकी एकाच्या निदानाला कायद्याच्या सूचीत स्थान आहे आणि दुसऱ्याच्या निदानाला केवळ औषधाच्या चिठ्ठीत, असे घडू शकते.

बेंगळुरूसारख्या शहरात या प्रश्नाला भाषेची आणखी एक घडी पडते. तेथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला निदान बहुधा इंग्रजीत मिळते, शेजार कानडी असतो, आणि ते निदान सोलापूरला वा साताऱ्याला आईवडिलांना सांगायचे असते मराठीत. या अखेरच्या टप्प्यावर मराठी त्याच्या हाती कोणते शब्द देते?

२

'ऑटिझम' ही संज्ञा ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१० च्या सुमारास ग्रीक 'ऑटोस', म्हणजे 'स्व', या शब्दावरून घडवली. तिचा मूळ संदर्भ स्किझोफ्रेनियाचा : बाह्य जगापासून मागे सरून स्वतःत गुरफटणे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये आणि हान्स अ‍ॅस्परगर यांनी १९४४ मध्ये ती मुलांच्या संदर्भात वापरली, आणि मूळ अर्थाची छाया तिच्याबरोबर आली. भारतीय भाषांनी संज्ञेचे रूपांतर करताना ही छायाच अधिक गडद केली. मराठीत 'स्वमग्नता', हिंदी आणि कानडीत 'स्वलीनता'-'स्वलीनते', बंगालीत 'आत्मसंवृति'. तमिळने 'स्व' टाळला, पण मनाचा आवळलेपणा सुचवणारा 'मदि इरुक्कम' हा शब्द घडवला. 'मग्न', 'लीन', 'संवृत', 'आवळलेले' ही चारही विशेषणे बाहेरून पाहणाऱ्याची आहेत. समोरच्याने माझ्याकडे पाहिले नाही, म्हणून तो स्वतःत बुडालेला असावा, असा तर्क त्यांच्या तळाशी आहे.

ऑटिझम असलेल्या प्रौढांचे लेखन याच्या नेमके उलट काही सांगते. टेम्पल ग्रँडिन यांचे १९८६ चे आत्मकथन असो वा डोना विल्यम्स यांचे १९९२ चे, त्यांत बाह्य जगाचा अभाव आढळत नाही. आढळतो तो त्याचा अतिरेक. आवाज, प्रकाश, स्पर्श, एकाच वेळी बोलणारी चार माणसे यांचा मारा इतका असतो की मागे सरणे हा बचाव ठरतो. 'स्वमग्न' या शब्दाने हा बचावच स्वभाव म्हणून नोंदवला. शिवाय मराठीत 'मग्न' हा शब्द चिंतनाला आणि भक्तीलाही लागतो. त्यामुळे त्यात एक सुखद सूर मिसळतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की या माणसाला कोणाची गरजच नसावी. पुढच्या आधाराची दारे या समजुतीनेच बंद होतात. शब्द वेगळ्या जागेवरून घडवता येतो, याचे उदाहरण न्यूझीलंडच्या माओरी भाषेत आहे. केरी ओपाई यांनी घडवलेली आणि २०१७ च्या परिभाषाकोशात आलेली 'टाकिवाटांगा' ही संज्ञा 'आपल्या स्वतःच्या काळात आणि अवकाशात' असा अर्थ देते. तेथे व्यक्तीच्या गतीला मान्यता आहे आणि तिच्या मनात काय चालले असावे याविषयी निवाडा नाही.

एडीएचडीच्या बाबतीत मराठी पर्याय 'अवधान' या शब्दाभोवती फिरतात : अवधान-न्यूनता, अतिचंचलता. 'अवधान' हा मराठी वाङ्मयातला जुना, वजनदार शब्द. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधानच मागतात. तेथे अवधान हे वक्ता आणि श्रोता यांच्यामधले देणेघेणे आहे. कोणा एकाच्या मेंदूत साठवलेले, मोजून कमी भरणारे द्रव्य नव्हे. 'न्यूनता' हा शब्द लागताच हे देणेघेणे संपते आणि तूट एकाच्याच खाती मांडली जाते.

३

निदानाच्या या संज्ञा नव्हत्या तेव्हाही अशी माणसे होती, आणि मराठीने त्यांना नावे दिली होती : घुमा, एककल्ली, माणूसघाणा, वेंधळा, धांदरट, आरंभशूर. ही विशेषणे वर्णनाचा आव आणून नैतिक निवाडा करतात. 'आरंभशूर' म्हणताना काम अर्धवट का राहिले हे विचारलेले नसते; चिकाटी नाही, हे ठरलेले असते. उशिरा निदान झालेल्या प्रौढाच्या मनात अहवालाच्या भाषेआधी ही भाषा रुजलेली असते, आणि तिची सवय इतकी दीर्घ असते की तो ती प्रथमपुरुषातही वापरतो : मी वेंधळाच आहे, मी आळशीच आहे.

या निवाड्याला उतारा म्हणून मराठीत 'वल्ली' हा शब्द आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' या पुस्तकाने (साहित्य अकादमी पुरस्कार, १९६५) त्याला जी ऊब दिली, ती आपल्या व्यक्तिचित्रपरंपरेची कमाई आहे. परंतु वल्ली ही नेहमी दुसऱ्याने सांगितलेली असते. तिच्याकडे पाहणारा निवेदक सहृदय असतो, तरीही तो निवेदक असतो आणि ती विषय असते. तिचे कौतुक होते. 'कौतुक' या शब्दात नवल आणि खेळ यांची जी जुनी छटा आहे, ती तेथे जागी असते. ज्या प्रौढाला उद्या सकाळी कार्यालयात जायचे आहे, त्याला वल्ली होऊन भागत नाही.

येथे समीक्षकापुढे एक मोह उभा राहतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधले टिळक, म्हणजे हाती आलेला पैसा देऊन टाकणारे, सांगता न सांगता घराबाहेर पडणारे, क्षणात रागावणारे आणि क्षणात विरघळणारे कवी, आजच्या प्रश्नावलीत बसवून पाहावेत, असा तो मोह. तो आवरला पाहिजे. मृत व्यक्तीला संमती देता येत नाही, आणि साहित्यकृती म्हणजे रुग्णाची नोंदवही नव्हे. 'स्मृतिचित्रे'चे मोल आपल्या विषयाच्या संदर्भात निराळे आहे. एका माणसाच्या अनिश्चिततेभोवती दुसऱ्या माणसाने संसार कसा उभा केला, त्यात काय सोसले आणि कशाला हसले, हे ते पुस्तक आधार देणाऱ्याच्या प्रथमपुरुषात सांगते. आधाराची किंमत असते आणि ती बहुधा घरातल्या बाईने चुकवलेली असते, ही नोंद आजच्या स्वीकाराच्या भाषेत पुष्कळदा गळते.

४

ज्याच्याविषयी लिहिले जाते त्याचा स्वतःचा प्रथमपुरुष कसा घडतो, हे पाहण्यासाठी बेंगळुरूशी निगडित एक लेखक उपयोगी पडतो. तीतो राजर्षी मुखोपाध्याय हा बंगाली घरातला, मैसूर आणि बेंगळुरू येथे वाढलेला, बोलण्यावर अत्यल्प ताबा असलेला मुलगा. त्याचे 'बियाँड द सायलेन्स' हे इंग्रजी पुस्तक ब्रिटनमधील नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने २००० मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेत ते 'द माइंड ट्री' या नावाने आले, तेव्हा उपशीर्षकात 'चमत्कारी बालक' अशा अर्थाचे शब्द बसले. वल्लीचे आंतरराष्ट्रीय रूपांतर म्हणतात ते हेच. आई सोमा मुखोपाध्याय यांनी त्याला ज्या पद्धतीने शिकवले, तिच्याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील वाचा-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये, त्या पद्धतीतून उमटलेले शब्द खरोखर त्या व्यक्तीचे आहेत याला पुरेसा आधार नसल्याचे सांगून, तिचा वापर करू नये अशी भूमिका घेतली. या लेखकाच्या स्वतंत्र लेखनाविषयीची निरीक्षणेही नोंदलेली आहेत. अभ्यासकाने दोन्ही गोष्टी डोळ्यांआड न करता पुस्तक वाचावे.

या पहिल्या पुस्तकात लक्षणीय आहे ते पुरुषयोजनेचे हेलकावे. बालपणाच्या कथनात निवेदक मोठ्या भागात स्वतःला 'तो' म्हणतो; आपले शरीर आपल्याला सलग जाणवत नाही, हा अनुभव त्या सर्वनामातूनच व्यक्त होतो. 'मी' ठामपणे येतो तो शीर्षककथेत, पण तेथे तो एका झाडाचा 'मी' आहे : विचार करणारे, जाणणारे आणि तरीही जागेवरून हलू वा बोलू न शकणारे झाड. पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, त्याच लेखकाचे 'प्लँक्टन ड्रीम्स' आले. विशेष शिक्षणाच्या वर्गात आपण काय शिकलो, हे सांगणारे ते उपरोधपर पुस्तक. तेथे प्रौढ 'मी' खोड्या काढतो, शिक्षकांवर आणि सभोवतालच्या 'सामान्यां'वर प्रयोग करतो आणि त्यांची निरीक्षणे नोंदवतो. अहवाल लिहिणारा आणि ज्याच्यावर लिहिला जातो तो, यांची जागा बदललेली आहे. इयन हॅकिंग यांनी २००९ मधील लेखांत असे मांडले की, ऑटिझमविषयीची आत्मकथने आधीच सिद्ध असलेल्या अनुभवाचे वर्णन करून थांबत नाहीत. त्या अनुभवाविषयी बोलण्याची भाषा तीच प्रथम घडवतात. 'तो'कडून झाडाच्या 'मी'कडे आणि तेथून उपरोधकाच्या 'मी'कडे झालेला हा प्रवास त्याचे साधार उदाहरण ठरेल.

स्वीकाराची भाषा केवळ बोलत्या, नोकरदार प्रौढांच्या सोयीची आहे, असा एक गंभीर आक्षेप घेतला जातो. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताची गरज आहे, त्यांच्या पालकांचा तो आक्षेप आहे आणि तो हलका नाही. परंतु येथे ती भाषा घडवणारा लेखक स्वतःच मोठ्या आधाराची गरज असलेल्यांपैकी आहे. आधाराची गरज आणि प्रथमपुरुषाचा हक्क या परस्परविरोधी गोष्टी नाहीत.

५

मग असा आधार कसा असतो? याच शहरातल्या एका वाङ्मयीन प्रथेकडे पाहिले, तर त्याची कल्पना येईल. तेलुगू आणि कानडी प्रदेशांत रुजलेली अवधानकला बेंगळुरूचे शतावधानी रा. गणेश यांनी कानडीत पुन्हा प्रतिष्ठित केली. अष्टावधानात आठ पृच्छक असतात. कोणी समस्या देतो, कोणी पुढचे अक्षर निषिद्ध ठरवतो, आणि 'अप्रस्तुतप्रसंगी' या नावाचा एक पृच्छक भलतेच प्रश्न विचारून अवधान मोडण्याचे काम करतो. अवधानी प्रत्येकाला एका फेरीत एकेक चरण देतो आणि अखेरीस सर्व पद्ये धारणेतून म्हणून दाखवतो. ही कठोर साधनेची कला आहे. एडीएचडीशी तिची तुलना करणे हा हेतू नाही. ध्यानात घ्यायची ती सभेची रचना. तेथे व्यत्ययाला नाव आहे आणि जागा आहे, प्रत्येकाची पाळी ठरलेली आहे, काम चरणाचरणाने मागितले जाते, आणि मध्ये गेलेला वेळ अपयश मानला जात नाही. अवधान एकट्या अवधानीचे असले, तरी ते शक्य करणारी चौकट सर्व सभेची असते.

निदानानंतरचा आधार म्हणजे सभेची अशी फेरमांडणी. तोंडी सूचनेबरोबर लेखी सूचना देणे, मोठे काम टप्प्यांत मागणे, उत्तराला वेळ देणे, शांत जागा उपलब्ध करणे, निदान कोणाला सांगायचे हे त्या व्यक्तीवर सोपवणे, आणि समुपदेशनाचे ध्येय 'इतरांसारखे दिसणे' असे न ठेवणे, या साध्या गोष्टी आहेत. औषधाने एडीएचडीच्या अनेकांना लाभ होतो. स्वीकार म्हणजे उपचाराला नकार नव्हे. निदानाने सुटकेचा निःश्वास येतो तसा गेलेल्या वर्षांचा शोकही येतो, आणि आधार देणाऱ्याला दोन्ही ऐकून घ्यावे लागते. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना उद्देशून, आमच्यासाठी शोक करू नका, असे म्हटले होते. स्वतःच्या हरवलेल्या वर्षांसाठी स्वतः केलेला शोक मात्र निराळा असतो आणि त्याला अवकाश हवा.

या शहरात स्वीकाराचे एक औद्योगिक रूपही दिसले. सॅप या संगणकप्रणाली-कंपनीने ऑटिझम असलेल्यांना नोकरी देण्याचा जो जागतिक कार्यक्रम २०१३ मध्ये जाहीर केला, त्याआधीच्या चाचणीत तिच्या बेंगळुरूच्या केंद्राचा वाटा होता. अशा उपक्रमांनी अनेकांना वेतन आणि प्रतिष्ठा दिली, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि, बारीक चूक शोधणारी नजर म्हणून ज्याला घेतले, त्याची ती नजर एखाद्या दिवशी मंदावली तर काय, हा प्रश्न उरतो. गुणांवर उभारलेला स्वीकार पुन्हा कौतुकाच्या वाटेने जातो. सामान्य कुवतीच्या ऑटिझमग्रस्ताला त्यात जागा राहत नाही. हे वाक्य लिहितानाही 'ग्रस्त' हा प्रत्यय सहज लेखणीतून उतरतो, यावरून मराठीतली अडचण किती आतवर आहे ते कळावे.

तेव्हा मराठीपुढचे काम नवा पारिभाषिक शब्द घडवण्यापुरते मर्यादित नाही. 'स्वमग्न' हा शब्द रूढ आहे, तो राहीलही. हवी आहे ती अशी वाक्ये, ज्यांत तो शब्द ज्याला लागतो तोच कर्ता असेल. दलित आत्मकथनांनी आणि स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी मराठी प्रथमपुरुषाचा परीघ यापूर्वी दोनदा रुंदावला, आणि दोन्ही वेळा समीक्षेला आपले निकष बदलावे लागले. उशिरा निदान झालेल्या मराठी प्रौढांचे लेखन येईल तेव्हा ते कदाचित तुटक असेल, विषयांतरांनी भरलेले असेल, एकाच तपशिलाजवळ रेंगाळणारे असेल. त्याला 'विस्कळीत' म्हणण्यापूर्वी त्याची गती त्याच्या चौकटीत वाचणे, हा समीक्षेने देण्याजोगा आधार आहे.