सेरीन प्रोटिएज विकरांचे निरोधन : पाठ्यपुस्तकी मांडणीची चिकित्सा
जुन्नर-आंबेगाव परिसरातील पिकांच्या संदर्भात

प्रस्तावना

विकर आणि निरोधक यांचा संबंध वर्गात शिकविताना कुलूप-किल्लीची उपमा हमखास दिली जाते. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडलेली ही कल्पना विकराची विशिष्टता समजाविण्यास उपयुक्त आहे. परंतु निरोधनाविषयी ती एक गैरसमज रुजविते. चुकीची किल्ली अडकली की कुलूप कायमचे निकामी झाले, असे विद्यार्थ्याच्या मनावर ठसते. सेरीन प्रोटिएज या प्रथिनविघटक विकरांच्या बाबतीत ही समजूत अपुरी असून पीकसंरक्षणाचा विचार करताना ती दिशाभूल करते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील घाटेअळीविषयक संशोधनाचा आधार घेतला आहे. हरभऱ्यावरील घाटेअळी आणि टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी ही एकच कीड होय. तिचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारामुळे ओळखल्या जाणाऱ्या या परिसराला हा विषय परका नाही.

विकराचे कार्य

कायमोट्रिप्सिनच्या क्रियास्थळी १९५ क्रमांकाचे सेरीन, ५७ क्रमांकाचे हिस्टिडीन व १०२ क्रमांकाचे ॲस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्ले एकत्र येतात. हिस्टिडीन सेरीनचा प्रोटॉन घेते आणि त्यामुळे सेरीनचा ऑक्सिजन प्रथिनातील पेप्टाइड बंधावर आघात करू शकतो. प्रथिनाचा एक तुकडा सुटतो. दुसरा काही क्षण सेरीनला जोडलेला राहतो व पाण्याचा रेणू त्याला मोकळा करतो. विकर पूर्ववत होऊन पुन्हा कामास लागते.

कोणता बंध तुटणार, हे क्रियास्थळाशेजारील खळगी ठरविते. ट्रिप्सिनच्या खळगीच्या तळाशी ऋणभारित ॲस्पार्टिक आम्ल असल्याने ते धनभारित लायसीन व आर्जिनीन यांच्या पुढील बंध तोडते. कायमोट्रिप्सिनची खळगी फेनिलॲलॅनीनसारख्या मोठ्या, जलविरोधी गटांना सामावून घेते.

निरोधनाचे स्वरूप

बिया व कंद यांत आढळणारे अनेक प्रथिनरूप निरोधक हे मुळात विकराचे भक्ष्यच असतात. निरोधकाचा ताठ फास खळगीत अचूक बसतो. त्यातील बंध तुटतोही, परंतु अत्यंत मंद गतीने. आणि तुटलेली टोके जागच्या जागी धरून ठेवलेली असल्याने तो पुन्हा जुळू शकतो. विकर त्या अवस्थेत गुंतून पडते. म्हणजेच निरोधन हा येथे आकाराइतकाच गतीचा व समतोलाचा प्रश्न आहे. हाच निरोधक दुसऱ्या एखाद्या विकराने भलत्याच ठिकाणी तोडला, तर त्याची घडी मोडते व तो साधे अन्न ठरतो. कुलूप-किल्लीच्या उपमेत या शक्यतेला जागाच नाही.

पुण्यातील संशोधन

१९८७ मध्ये चवळीतील ट्रिप्सिन निरोधकाचे जनुक तंबाखूत घातल्याचा प्रयोग प्रसिद्ध झाला आणि किडीचे पचन रोखून पीक वाचविण्याची मोठी आशा निर्माण झाली. या आशेची कठोर परीक्षा पुण्यात झाली. अशोक गिरी, अभय हरसूलकर, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ‘प्लांट फिजिऑलॉजी’ या नियतकालिकात दाखविले, की हरभऱ्याचे संरक्षक निरोधक घाटेअळीच्या आतड्यातील विकरांकडून निष्प्रभ होऊ शकतात. १९९९ च्या पुढील लेखात यजमान पिके म्हणून हरभरा, तूर व कापूस आणि यजमानेतर म्हणून भुईमूग, चौधारी घेवडा व बटाटा यांच्या निरोधकांची तुलना केली आहे. यजमानेतर वनस्पतींचे निरोधक अळीची वाढ रोखण्यात सरस ठरले. आंबेगावच्या सातगाव पठारावर मुबलक पिकणारा बटाटा या यादीत असावा, ही बाब स्थानिक अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

या संशोधनाचे श्रेष्ठत्व असे, की त्याने ‘निरोधक आहे का?’ या प्रश्नाऐवजी ‘कोणाच्या विकरासमोर तो टिकतो?’ हा प्रश्न विचारला. ज्या पिकावर अळी पिढ्यान्‌पिढ्या पोसली, त्याच्या शस्त्राशी ती जुळवून घेते. टोमॅटोचे उदाहरण बोलके आहे. पान कुरतडले जाताच टोमॅटोच्या इतर पानांतही निरोधक साठतात, हे ग्रीन व रायन यांनी १९७२ मध्येच दाखविले होते. तरीही फळ पोखरले जातेच.

मर्यादा

तथापि या मार्गाविषयी तीन आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे. पहिला, प्रयोगशाळेतील आहारावर वाढलेल्या अळीची वाढ खुंटणे आणि शेतातील नुकसान टळणे या भिन्न गोष्टी आहेत. उशिरा वाढणारी अळीही फळ खातेच. दुसरा, एका विकराची कोंडी झाली की कीड त्या निरोधकाला दाद न देणारे विकर अधिक निर्माण करते. स्पोडोप्टेरा अळीबाबत हे १९९५ मध्ये दिसून आले. म्हणून एकच जनुक हा कायमचा उपाय होऊ शकत नाही. तिसरा, मानवी स्वादुपिंडातील ट्रिप्सिन याच कुळातील आहे. हरभरा आपण बहुधा शिजवून खातो, टोमॅटो मात्र कोशिंबिरीत कच्चा असतो. फळात निरोधक वाढविण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर मिळालेच पाहिजे.

समारोप

हे सर्व ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचे नाही. क्ष-किरण फिल्मवरील जिलेटिनचा थर विकराने विरघळतो व निरोधक असेल तेथे शाबूत राहतो. या तत्त्वावरील पद्धत १९९४ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, विद्यापीठातील संशोधकांनी मांडली. विद्यार्थ्यांनी हरभरा व बटाटा यांचे अर्क प्रथम बाजारी ट्रिप्सिनसमोर आणि नंतर शेतातून आणलेल्या अळीच्या आतड्याच्या अर्कासमोर ठेवून पाहावेत. ट्रिप्सिनला रोखणारा अर्क अळीसमोरही तितकाच प्रभावी ठरतो काय, हे त्यांना स्वतः पडताळता येईल. किल्लीची आकृती फळ्यावर अवश्य काढावी. मात्र कुलूपच किल्ली खाऊन टाकू शकते, हेही त्याच तासाला सांगावे.