अनुभवाचे प्रमाणपत्र : अमेरिकेतील समदुःखी साहाय्यकांच्या प्रमाणीकरणाची चिकित्सा

व्यवसायाचे प्रमाणपत्र हे सामान्यतः ज्ञानाचे किंवा कौशल्याचे असते. वैद्य, परिचारिका, वकील यांनी कोणते शिक्षण घेतले आहे याची ग्वाही विद्यापीठ वा परिषद देते. त्यांनी आयुष्यात काय भोगले याच्याशी त्या ग्वाहीला कर्तव्य नसते. अमेरिकेच्या मानसिक आरोग्यसेवेत गेल्या पंचवीस वर्षांत रूढ झालेले एक प्रमाणपत्र मात्र याला अपवाद आहे. ज्या व्यक्तीने स्वतः मनोविकार अथवा व्यसन भोगले आणि जी त्यातून सावरली, तिला प्रशिक्षण देऊन व परीक्षा घेऊन इतर रुग्णांच्या साहाय्यासाठी वेतनावर नेमले जाते. तेथे अशा व्यक्तीस ‘पीअर सपोर्ट स्पेशालिस्ट’ म्हणतात. मराठीत ‘समदुःखी साहाय्यक’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा ठरावा. ‘स्पेशालिस्ट’मधील तज्ज्ञपणाचा दावा त्यात उतरत नाही हे खरे, परंतु प्रस्तुत विवेचनाचा वाद त्या दाव्याशीच आहे.

ही भूमिका शासनाने शोधून काढलेली नाही. दारूतून सुटलेल्याने दुसऱ्यास सोडवावे, या तत्त्वावर ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची उभारणी १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे झाली. मनोरुग्णांच्या बाबतीत हाच विचार अधिक बंडखोर स्वरूपात मांडला तो जुडी चेंबरलिन यांनी. १९६६ मध्ये त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाल्या होत्या. ‘ऑन अवर ओन’ (१९७८) या ग्रंथात त्यांनी व्यावसायिकांच्या नियंत्रणाबाहेर, रुग्णांनीच चालवलेल्या पर्यायी सेवांचा पुरस्कार केला. या दोन्ही परंपरांत साहाय्य परस्परांचे होते. आज देणारा उद्या घेणारा होई. ज्याचे जळते त्याला कळते, एवढीच पात्रता तेथे पुरेशी मानली जाई.

वेतनाचा प्रश्न आला आणि चित्र बदलले. गरीब व अपंग नागरिकांसाठी केंद्र व राज्ये मिळून चालवीत असलेल्या ‘मेडिकेड’ योजनेतून अशा साहाय्याचा मोबदला मिळवणारे पहिले राज्य म्हणजे जॉर्जिया (१९९९). त्यापाठोपाठ २००१ पासून तेथे प्रशिक्षित व प्रमाणित साहाय्यक तयार होऊ लागले. ऑगस्ट २००७ मध्ये केंद्रीय यंत्रणेने सर्व राज्यांना पत्र पाठवून मोबदल्याच्या अटी स्पष्ट केल्या : सक्षम मानसिक आरोग्य व्यावसायिकाचे पर्यवेक्षण, व्यक्तिगत उपचार-आराखड्याशी सेवेची सांगड, आणि प्रशिक्षण व प्रमाणपत्र. या अटी रुग्णांच्या चळवळीतून आलेल्या नाहीत. त्या पैसे देणाऱ्याच्या गरजेतून आल्या आहेत. सार्वजनिक पैसा कोणाच्या हाती जातो हे शासनाला कळावे, ही मागणी गैर नव्हे. परंतु प्रमाणपत्राचा उगम कोणत्या गरजेत आहे हे विसरले, की पुढील अनेक गोष्टींचा उलगडा होत नाही.

या सेवेच्या देयकासाठी ‘एच ००३८’ हा संकेतांक वापरला जातो आणि त्याचे एकक आहे पंधरा मिनिटे. या एककाचा परिणाम प्रशिक्षणाच्या तासांहून खोल आहे. रुग्णाशेजारी निमूट बसणे, त्याला बसथांब्यापर्यंत सोबत करणे, तो बोलायला तयार होईपर्यंत तीन भेटी वाया जाऊ देणे, ही समदुःखी माणसाची खरी कामे. पंधरा मिनिटांच्या एककात ती बसवायची तर आराखड्यातील कोणत्या उद्दिष्टाकडे त्यांनी प्रगती झाली हे लिहावे लागते. ‘मीही यातून गेलो आहे’ हे वाक्य सहज उच्चारले तर ते मैत्रीचे. नोंदवहीत लिहिले की ती उपचाराची एक क्रिया होते. शिवाय ती नोंद रुग्णाच्या त्याच कागदपत्रांत जाते, जी डॉक्टर वाचतो. ज्याला आपला म्हणून सांगितले तोच आता लिहून घेणारा आहे, हे रुग्णाच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही. समानता भंगते ती येथे, परीक्षेच्या दालनात नव्हे.

अमेरिकी संघशासनाच्या ‘सॅम्सा’ या मानसिक आरोग्यविषयक यंत्रणेने २०२३ मध्ये प्रमाणीकरणाची राष्ट्रीय नमुना मानके प्रसिद्ध केली. राज्याराज्यांतील विसंगती पाहता तिची आवश्यकता होतीच. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्याने तर यासंबंधीचा कायदा २०२० मध्ये केला. मानकांनी ४० ते ६० तासांचे प्रशिक्षण आणि १२० तासांचे पर्यवेक्षित काम सुचवले आहे. पदवी वा शालान्त प्रमाणपत्राचा आग्रह न धरता, ज्या भाषेत सेवा द्यायची तिचे वाचन-लेखन येणे पुरेसे मानले आहे. व्यसनाच्या मार्गात तुरुंगवास घडलेल्यांची संख्या लक्षात घेता, पूर्वेतिहासाच्या तपासणीने प्रमाणपत्राची वाट अडवू नये हा तिचा रोखही समंजस आहे.

तरीही एक विरोधाभास उरतो. ज्या अनुभवाच्या नावाने हे प्रमाणपत्र दिले जाते, त्याबाबत सामान्यतः अर्जदाराच्या स्वतःच्या निवेदनावरच विसंबावे लागते. परीक्षा होते ती गोपनीयता, रुग्णाचे हक्क, नात्यातील मर्यादा, आत्महत्येचा विचार व्यक्त झाल्यास करावयाची कृती यांची. वस्तुतः हेच योग्य आहे. दुःख मोजता येत नाही आणि मोजूही नये. मात्र दुःख भोगलेला प्रत्येकजण दुसऱ्याच्या कामी येतो असेही नाही. आपण ज्या मार्गाने बरे झालो तोच एकमेव मार्ग मानणारा, दुसऱ्यास औषध सोडण्याचा सल्ला देणारा उत्साही माणूस मोठी हानी करू शकतो. तेव्हा प्रमाणपत्र सरसकट त्याज्य ठरवणारी जुन्या चळवळीतील भूमिका स्वीकारता येत नाही. ते अनुभवाचे नसून संयमाचे प्रमाणपत्र आहे, असे प्रांजळपणे म्हटले असते तर पुष्कळसा गोंधळ टळला असता.

परिणामकारकतेचे पुरावेही या दृष्टीने वाचावे लागतात. २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेत असे आढळले, की पूर्वी रुग्ण असलेल्यांनी दिलेल्या सेवेचे निष्कर्ष तशाच भूमिकेतील व्यावसायिकांच्या सेवेहून सरस नाहीत, तसे निकृष्टही नाहीत. लॉइड-इव्हान्स व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या समीक्षेत रुग्णालयीन दाखल्यांवर फारसा परिणाम दिसला नाही. आशा, स्वबळाची जाणीव यांबाबत मात्र काही अनुकूल पुरावा मिळाला. साहाय्यकाकडून व्यावसायिकाचेच काम करवून घेतल्यास फरक न दिसणे स्वाभाविक होय. फरक दिसला तो आशेच्या बाबतीत, आणि आशेसाठी संकेतांक नाही.

व्यवस्थेचा सर्वांत दुबळा दुवा पर्यवेक्षण हा आहे. २००७ च्या अटीनुसार पर्यवेक्षक व्यावसायिक असला की पुरे. त्याने आजार भोगलेला असण्याची गरज नाही. असा पर्यवेक्षक, हेतू कितीही शुद्ध असला तरी, आपल्याला जे काम ओळखता येते तेच तपासतो. साहाय्यक मग कनिष्ठ चिकित्सक बनतो, किंवा रुग्णाला ने-आण करणारा मदतनीस. अनुभवी साहाय्यकांनीच पर्यवेक्षण करावे याकडे २०२३ च्या मानकांचा कल आहे. पण ती मानके राज्यांवर बंधनकारक नाहीत.

महाराष्ट्रात हा विषय परका नाही. डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात, व्यसनातून बाहेर पडलेल्यांना केंद्राच्याच कामात सामावून घेण्याची रीत पडली. माणूस सावरला आहे की नाही याचा निवाडा अशा ठिकाणी त्याला रोज पाहणारी मंडळी करतात. समुपदेशनाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांना उद्या अशा साहाय्यकांचा अभ्यासक्रम आखण्याचा मोह होणे शक्य आहे, आणि पहिली चर्चा तासिकांच्या व श्रेयांकांच्या संख्येवर होईल. त्याआधी विचारावयाचे ते हे, की परीक्षक मंडळात, पर्यवेक्षकांत आणि नोंदीचा नमुना ठरवणाऱ्यांत स्वतः सावरलेल्या व्यक्ती किती असतील.